सरड्याची धाव ॲपलच्या कुंपणापर्यंत

अँड्रॉइड सोडून आयफोन घ्यावा का, हा प्रश्न घरात सगळे जमलेले असताना काढू नये. काढलात की दोन तट पडतात. एका तटाचा पुढारी म्हणतो, "एकदाच घेऊन टाक, पाच वर्षं बघायला नको." दुसऱ्या तटाचे काका हिशेब मांडतात की तेवढ्या पैशात बरा फोन, वॉशिंग मशीन आणि वर गणपतीपुळ्याची ट्रिप होते. दोघांचंही म्हणणं खरं असतं, आणि दोघांपैकी एकही जण तुमचं व्हॉट्सॲप हलवायला येणार नसतो.

मग माणूस यूट्यूबकडे वळतो. कॅमेरे, प्रोसेसर, स्क्रीनचा उजेड यांच्या तुलना बघण्यात तीन आठवडे जातात. माझ्या मते हे तीन आठवडे वाया जातात. सारख्या किमतीचे दोन्ही फोन पुरणपोळीचा फोटो सारखाच झकास काढतात. बघायचं ते एवढंच, की आपलं काय काय अँड्रॉइडच्या कुंपणाच्या आत अडकलंय आणि ते पलीकडे जातं का.

पहिला नंबर अर्थातच व्हॉट्सॲपचा. "बॅकअप आहे की गूगल ड्राइव्हवर!" असं म्हणून लोक निर्धास्त असतात. अँड्रॉइडचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर जातो, आयफोनचा आयक्लाउड या ॲपलच्या ऑनलाइन कपाटात, आणि आयफोनवरच्या व्हॉट्सॲपला गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप वाचता येत नाही. तो तिथे सुखरूप असतो आणि तुम्हाला काडीचा उपयोग नसतो. २०२२ पासून यावर एक सरळ वाट आहे. ॲपलचं 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप अँड्रॉइड फोनवर टाकायचं. आयफोन पहिल्यांदा चालू करताना 'अँड्रॉइडवरून आणा' हा पर्याय येतो, तो निवडला की आकडी कोड दिसतो, तो अँड्रॉइडवर भरायचा आणि यादीत व्हॉट्सॲपवर खूण करायची. दोन्ही फोन चार्जरला लावलेले हवेत, दोन्हीकडे नंबर एकच हवा.

यातली ग्यानबाची मेख 'पहिल्यांदा चालू करताना' या तीन शब्दांत आहे. दुकानातला मुलगा फार प्रेमळ असतो. "थांबा साहेब, मी चालू करून देतो," म्हणत तो खोका उघडतो आणि 'नंतर, नंतर, नंतर' दाबत दीड मिनिटात फोन होम स्क्रीनवर आणून पेढा मागतो. तिथेच तो पर्याय गेला. आता आयफोनच्या सेटिंगमध्ये जनरल, तिथे खालच्या बाजूला ट्रान्सफर ऑर रीसेट, आणि सगळं पुसून पुन्हा श्रीगणेशा. म्हणून फोन दुकानात बघावा, बिल घ्यावं, आणि चालू घरी करावा. पेढा हवा तर तसाही द्यावा.

कोड भरल्यावर आयफोन स्वतःचं एक तात्पुरतं वायफाय तयार करतो आणि सगळा माल त्यावरून जातो. या वायफायला इंटरनेट नसतं. अँड्रॉइड फोन हुशार असल्यामुळे "इथे नेट नाही" असं ठरवून परस्पर मोबाइल डेटावर उडी मारतो, आणि गाडी ६२ टक्क्यांवर थांबते. त्यामुळे मोबाइल डेटा आधीच बंद करावा, आपोआप नेटवर्क बदलणारं सेटिंगही बंद करावं, आणि त्या काळात अँड्रॉइडवर दुसरं काही उघडू नये. अँड्रॉइड 'झालं' म्हणाला तरी आयफोनवरची पट्टी पूर्ण होईपर्यंत दोघांनाही हात लावायचा नाही. मग आयफोनवर व्हॉट्सॲप डाउनलोड करून त्याच नंबरानं आत शिरायचं आणि 'स्टार्ट' दाबायचं. आधी आयफोनवर नुसतं व्हॉट्सॲप सुरू करून दोन दिवस गप्पा मारल्या आणि मग जुन्या गप्पा आणायचं ठरवलं, तर नव्या जुन्यांत मिसळत नाहीत. त्या दोन दिवसांवर पाणी सोडावं लागतं.

आणि हलवण्याआधी साफसफाई करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'मॅनेज स्टोरेज' म्हणून जागा आहे. तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली वेगळ्या दिसतात आणि 'अनेक वेळा फॉरवर्ड झालेलं' असा एक स्वतंत्र ढीगही दिसतो. सोसायटीच्या ग्रुपवर आलेले सूर्योदय, हळदीचे सतरा औषधी उपयोग आणि एकाच बाळाचं आठ ठिकाणांहून आलेलं हसू, सगळं त्या ढिगात असतं. ४० जीबी व्हॉट्सॲप घेऊन बसलात तर रात्र जाते. ढीग उपसलात की चहा होईपर्यंत काम आटोपायची निदान आशा असते.

व्हॉट्सॲप पार पडलं की लोक सुस्कारा सोडतात आणि भाजी घ्यायला जातात. तिथे यूपीआय भेटतं.

यूपीआय हे फोन आणि सिम यांच्या जोडीला बांधलेलं असतं. फोन बदलला की गाठ नव्यानं मारावी लागते, आणि ती मारायला तुमच्या सिमवरून बँकेकडे एक एसएमएस जावा लागतो. अँड्रॉइडवर तो गुपचूप जातो. आयफोन कोणत्याही ॲपला परस्पर एसएमएस पाठवू देत नाही. तो मेसेजची खिडकी उघडून अगम्य अक्षरांची एक ओळ समोर ठेवतो आणि पाठवायचा बाण तुम्हाला दाबायला लावतो. ही ओळ बघून सुशिक्षित माणसंही घाबरून ती खोडतात. खोडू नका. दोन सिम असतील तर बँकेत नोंदवलेल्या नंबरावरूनच ती जातेय ना, ते बघा. त्या सिमवर एसएमएस जाण्याइतका रिचार्ज असू द्या. 'नोंदणी अयशस्वी' असं आलं की बँकेला शिव्या घालण्याआधी हे तिन्ही तपासावं. यूपीआय पिन तोच राहतो, तो बदलायची गरज नाही.

नोंदणी झाली तरी फोन नवा म्हणून काही काळ रकमेवर लगाम असतो. सुरुवातीला ५,००० रुपयांपर्यंतच, आणि काही बँकांत हा काळ अँड्रॉइडला २४ तास तर आयफोनला ७२ तास. महागडा फोन घेतलेल्या माणसाला तीन दिवस पाच हजारांच्या वर जाता येऊ नये, यात बँकेची विनोदबुद्धी दिसते. त्यामुळे घरभाड्याची तारीख, लग्नाचा बस्ता, मुलांची फी यांच्या आदल्या दिवशी फोन बदलू नये. यूपीआय लाइटमध्ये, म्हणजे पिनशिवाय छोट्या रकमा द्यायच्या पाकिटात, पैसे असतील तर जुन्या फोनवर ते खातं आधी बंद करा, म्हणजे शिल्लक बँकेत परत येते; ती शिल्लक त्या फोनशी बांधलेली असते.

याच भरात काही जण साध्या सिमचं ई-सिम, म्हणजे कार्डाविना फोनमध्येच बसवलेलं सिम, करायला काढतात. हा दिवस त्यासाठी नाही. सिम बदललं की फसवणूक टाळण्यासाठी २४ तास एसएमएस बंद ठेवतात. म्हणजे ओटीपी नाही, ओटीपी नाही म्हणून बँक नाही, बँक नाही म्हणून यूपीआय नाही. जुनं नॅनो सिम काढा, नव्यात घाला, ई-सिमचं पुढच्या महिन्यात बघा. नव्या आयफोनला सिमचा खण आहे ना, हे मात्र आधी विचारून घ्या. अमेरिकेहून भाच्यानं आणलेल्या आयफोनला तो नसतो. २०२२ च्या आयफोन १४ पासून तिकडचे फोन फक्त ई-सिमवर चालतात. भाच्याचे उपकार मानून आपला फोन इथूनच घ्यावा, हे उत्तम.

अमेरिकेवरून आठवलं. "न्यू जर्सीतली नातवंडं फेसटाइमवर असतात, म्हणून आजीला आयफोन" हे कारण फार ऐकू येतं. फेसटाइम म्हणजे ॲपलचा व्हिडिओ कॉल. २०२१ पासून आयफोनवाला फेसटाइमची लिंक पाठवू शकतो आणि अँड्रॉइडवर ती क्रोममध्ये उघडते. शिवाय व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल दोन्हीकडे आहेच. आजीच्या बोटांना मागे जायची एक ठरलेली खूण माहीत असते, जी अँड्रॉइडवर सगळ्या ॲपमध्ये चालते. आयफोनवर कधी डाव्या कडेवरून सरकवायचं, कधी वर कोपऱ्यातला बाण, कधी फुली. सत्तरीच्या माणसाला ही नवी विद्या शिकवायची असेल तर शिकवणाऱ्यानं त्याच घरात राहावं. फोनवरून "आजी, वर डावीकडे काय दिसतंय?" असं विचारणाऱ्यांची मला कीव येते.

नंबर आणि फोटो यांचं तुलनेनं सोपं आहे, फक्त एक चूक सगळे करतात. आयफोनमध्ये गूगलचं खातं जोडून कॉन्टॅक्टचं बटण सुरू केलं की सगळे नंबर येतात. पण पुढे जोडलेले नवे नंबर आयक्लाउडमध्ये जातात, कारण मूळ खातं तेच धरलेलं असतं. वर्षभरानं परत अँड्रॉइड घेतला की जुना दूधवाला असतो आणि नवा नसतो. कॉन्टॅक्टच्या सेटिंगमध्ये 'डिफॉल्ट अकाउंट' जीमेल करून टाकावं. फोटोंसाठी आयफोनवर गूगल फोटोजचं ॲप घालून स्वस्थ बसावं. गूगल १५ जीबी फुकट देतं, ॲपल ५. आता १२८ जीबीच्या फोनचा बॅकअप ५ जीबीत कसा मावायचा, हे विचारायला गेलात की 'आणखी जागा विकत घ्या' अशी पाटी दिसते, आणि ती पुढे दर महिन्याला दिसत राहते.

मुळात गूगलचं जवळजवळ सगळं आयफोनवर चालतं. ॲपलचं अँड्रॉइडवर फार थोडं. म्हणून मी सरळ सांगतो, आयफोन घ्या, पण फोटो, मेल, नंबर, टिपणं ॲपलच्या घरात नेऊ नका. मनगटावर मात्र नीट बघा. ॲपलचं घड्याळ अँड्रॉइडला जोडता येत नाही, आणि सॅमसंगची २०२१ पासूनची घड्याळं आयफोनला जुळत नाहीत. फोनपायी चांगलं घड्याळ मोडीत काढावं लागतं आणि 'फोन केवढ्याला पडला' या प्रश्नाचं खरं उत्तर बायकोपासून लपवावं लागतं.

सरकारी अर्ज भरणाऱ्यांसाठी एक सूचना. आयफोन फोटो एचईआयसी या प्रकारात साठवतो आणि आपल्याकडच्या पोर्टलना जेपीजी लागतो, तोही पुष्कळदा ५० केबीच्या आत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कंपॅटिबल' करा. पुढे आकार कमी करण्याचा छळ दोन्ही फोनवर समान आहे. आयफोन विंडोजला केबलनं जोडून फोटो उतरवताना मध्येच 'डिव्हाइस चालत नाही' असा संदेश आला तर केबल बदलत बसू नका. फोटोजच्या सेटिंगमध्ये तळाशी 'कीप ओरिजिनल्स' आहे, ते निवडा. फोन फोटोंचं रूपांतर करता करता अडखळतो म्हणून तो संदेश येतो.

फोनबरोबर काही उत्साही मंडळी लॅपटॉपही बदलायला काढतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार (सुरक्षा अपडेट वगैरे) संपला, जुन्या लॅपटॉपला विंडोज ११ चालत नाही, मग "आता ॲपलचा मॅकच!" मॅक उत्तम आहे. घरात टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर किंवा डिजिटल सहीचं टोकन (पेन ड्राइव्हसारखी यूएसबी) असेल तर मात्र थांबा. टॅली मॅकवर थेट चालत नाही. पूर्वीच्या इंटेल मॅकवर विंडोज वेगळं घालता यायचं. २०२० मध्ये आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपवर ती सोय राहिली नाही. आता मॅकच्या पोटात आभासी यंत्र, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरचा दुसरा संगणक, आणि त्यात ॲपलच्या चिपच्या जातीचं, म्हणजे एआरएमचं, विंडोज असा संसार थाटावा लागतो. त्यात टॅली चालेलही, पण टोकनचा ड्रायव्हर, म्हणजे ते ओळखणारं सॉफ्टवेअर, इंटेलसाठी लिहिलेला असला तर तो तिथे बसत नाही, आणि हे समजतं ते रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेला रात्री अकरा वाजता.

मराठी लिहिणाऱ्यांचं दुखणं वेगळंच. 'मंगल' फॉन्ट विंडोजबरोबर येतो. मॅकवर तो नसला की वर्डची फाइल दुसऱ्या फॉन्टात उघडते आणि बारा पानांची साडेतेरा होतात. जुन्या 'शिवाजी', 'कृतिदेव'मधल्या फायली तर उघडताच रोमन अक्षरांचा पाऊस पाडतात. त्या आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या वाचता येणाऱ्या मराठी अक्षरांत, बदलून घ्या. हार्ड डिस्क विंडोजच्या एनटीएफएस प्रकारची असेल तर मॅक ती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. डिस्क रिकामी करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केली की दोघंही नांदतात. फायलीवर एंटर दाबलं की मॅक ती उघडत नाही, नाव बदलायला बसतो. महिन्याभरात अर्ध्या फायलींची नावं 'ककक' झालेली असतात.

उलट दिशेनं जाणाऱ्यांनी, म्हणजे आयफोन सोडणाऱ्यांनी, सिम काढण्याआधी आयमेसेज (ॲपलची मेसेज सेवा) आणि फेसटाइम बंद करावं. नाही केलं तर आयफोनवाल्या मित्रांचे मेसेज त्या सोडलेल्या घरातच पडत राहतात. व्हॉट्सॲप इकडे केबलनं येतं, आणि नवा अँड्रॉइड कोरा हवा.

जुना फोन लगेच विकू नका, पंधरा दिवस कपाटात चार्ज करून ठेवा. कुठल्या तरी बँकेचं ॲप, कुठला तरी लॉगिनचे कोड देणारा ऑथेंटिकेटर त्यातच राहिलेला असतो. विकताना आयफोनवर हरवलेला फोन शोधणारं 'फाइंड माय' बंद, अँड्रॉइडवर गूगल खातं काढलेलं, आणि मगच रीसेट. खातं न काढता सेटिंगबाहेरून रीसेट मारलात तर फोन पुन्हा त्याच खात्याचा पासवर्ड मागतो, आणि एक्सचेंजचा माणूस दारात हेल्मेट न काढता उभा असताना २०१४ साली केलेल्या जीमेलचा पासवर्ड कुणालाही आठवत नाही.