अजिंठ्याची डिजिटल प्रत म्हणजे फसवणूक नव्हे

अजिंठ्याच्या चित्रांच्या डिजिटल प्रतींविरुद्ध सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय: 'अजिंठ्याला थ्रीडी आणि पडदे कशाला? खरं चित्र लेण्यातच दिसतं. नक्कल दाखवली की मूळ बघायला कोण येणार? तो पैसा डागडुजीला द्या.' जाणत्या मित्रांनीही तो पुढे पाठवला, म्हणून लिहितोय.

'खरं चित्र लेण्यातच दिसतं.' आईला घेऊन मी गेलो होतो. गुडघे धरलेत, म्हणून डोली केली. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात मंद उजेड, मागून रेटा. पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर जेमतेम दोन मिनिटं मिळाली. आईला मुकुट दिसला, कललेली मान दिसली, पापण्या काही दिसल्या नाहीत. घरी त्याच चित्राचा मोठा, स्पष्ट फोटो टीव्हीवर लावला, तर ती उठून जवळ गेली आणि भुवईची रेघ बोटाने गिरवत राहिली. लेण्यात बोट लावता येत नाही, येऊही नये. तिथला उजेड मंद ठेवतात तोही चित्रांसाठीच. प्रखर प्रकाश, श्वासातली वाफ, गर्दीची ऊब, सगळंच त्या रंगांच्या मुळावर येतं.

'मूळ बघायला कोण येणार?' फ्रान्समधली आदिमानवाच्या चित्रांची लास्कोची गुहा १९४८ साली लोकांसाठी उघडली. माणसांच्या वावराने भिंतींवर शेवाळ चढलं आणि १९६३ साली ती बंद करावी लागली. आज पर्यटक तिथे प्रतिकृतीच बघतात. आपलं मूळ अजून उघडं आहे. थोडी गर्दी प्रतिकृतीपाशी रेंगाळली, तर ते पुढेही उघडं राहील.

आणि नक्कल आजची थोडीच आहे? १८४४ पासून रॉबर्ट गिल हा ब्रिटिश लष्करी अधिकारी वर्षानुवर्षं अजिंठ्यात बसून प्रती रंगवत होता. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. त्यांच्याही बऱ्याच प्रती १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. ज्या वाचल्या, त्या अभ्यासकांना आजही लागतात, कारण मधल्या काळात भिंतीवरचंही बरंच झडलंय. एका इमारतीत ठेवलेली प्रत एका आगीत जाते. डिजिटल प्रत दहा ठिकाणी ठेवता येते.

राहिला पैशाचा मुद्दा. इथला राग मला पटतो. पायथ्याशी १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांच्या प्रतिकृती असलेलं केंद्र २०१३ साली सुरू झालं आणि काही वर्षांत पाणी-विजेच्या थकबाकीपायी बंद पडलं. नुसतं उभारायचं आणि चालवायला पैसा ठेवायचा नाही, हे वाईटच. त्याचा जाब विचारायलाच हवा. पण डागडुजी आणि डिजिटल नोंद अशी एकमेकांपासून तोडू नका. कुठला पोपडा गेल्या वर्षी भिंतीला धरून होता आणि यंदा सुटलाय, हे जुना बारीक फोटो शेजारी ठेवल्याशिवाय डागडुजी करणाऱ्याला कळणार कसं?