बल्ब पेटता मां? मगे झाला!

पडवीतल्या छताच्या दिव्याला एक खटका बसवायचा. बस, एवढंच काम. पण आमच्या मालवण भागात हे काम सरळ करून घेणं म्हणजे तालुक्याच्या कचेरीतून सातबारा दुरुस्त करून आणण्याइतकं सोपं!

आधी वायरमन मिळवा. "आज सांजेक येतंय" म्हणाला की सांज कुठल्या महिन्यातली ते विचारायचं नाही. मे महिन्यात चाकरमान्यांची बंद घरं उघडतात, त्यांचे पंखे-पंप आधी. मग पाऊस, मग गणपती. आम्ही बारा महिने गावातच राहतो ना, म्हणजे आम्ही कुठे पळून जाणार आहोत!

आला एकदाचा. काम करून, पैसे घेऊन, चहा पिऊन गेला. रात्री बघतो तर खटका बंद आणि एलईडी बल्ब मिणमिण करतोय. शेजारच्या काकूंनी तर घरात काहीतरी आहे, गाऱ्हाणं घाला, इथपर्यंत नेलं. फोन केला तर वायरमन म्हणतो, "काकानू, बल्ब पेटता मां? मगे झाला! मंद दिसता तो कंपनीचो दोष."

कंपनीचा दोष म्हणे! चार दिवसांनी पुतण्या तो बल्ब बदलायला चढला. खटका बंद करून चढला, शहाणा मुलगा आहे. पिनांचा होल्डर, आत बोट लागलं आणि सणसणीत झटका बसला. बाहेर धो धो पाऊस, पडवीची लादी ओली. पायाखाली लाकडी स्टूल होतं म्हणून झटक्यावर भागलं.

टेस्टर लावला. खटका बंद, तरी होल्डरमध्ये टेस्टर पेटतोय. म्हणजे या महाशयांनी खटका न्यूट्रलवर (करंट परत नेणाऱ्या वायरीवर) टाकला होता आणि फेज (करंट आणणारी वायर) सरळ नेऊन दिव्याला जोडली होती. अरे बाबा, फेज आधी खटक्याला, खटक्यातून दिव्याला, आणि न्यूट्रल थेट दिव्याला. इतकं साधं आहे! न्यूट्रल तोडलं तरी दिवा विझतो, पण २३० व्होल्ट होल्डरमध्ये बसून कुणाच्या तरी बोटाची वाट बघत राहतात. आणि ती मिणमिण? दिव्यापासून खटक्यापर्यंत अधांतरी राहिलेल्या वायरीतून आणि ओल्या भिंतीतून किंचित करंट गळतो, एलईडीला तेवढाही पुरतो. (खटक्यात लाल इंडिकेटर असेल तर जोडणी बरोबर असूनही कधी असं होतं. आमच्या खटक्यात इंडिकेटर नाही.) जुना पिवळा बल्ब असता तर इतक्याशा करंटला पेटलाही नसता, आणि कळलं असतं ते थेट कुणीतरी चिकटल्यावर.

मग मी बोर्डच उघडला. मेन बंद करून. आत हिरवी वायर फेजला! का, तर त्याच्याकडे हिरवं बंडल उरलं होतं. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग, हे शाळेतलं पोरही सांगेल. उद्या दुसरा कुणी हिरवी बघून अर्थिंग समजून हात घालील, त्याचं काय? दिव्याची बॉडी पत्र्याची, तिला अर्थिंग दिलेलंच नाही. "लाइटीक अर्थिंग कित्याक होया?" हे त्याचं उत्तर. स्क्रू नीट पिळलेले नाहीत. वायरींचे जोड नुसते वळवून वर काळी टेप गुंडाळलेली. इथल्या दमटपणात त्या टेपचा डिंक वर्षभरात सुटतो, खारी हवा तांब्यावर हिरवा थर चढवते, सैल जोड तापतो आणि एक दिवस बोर्डातून जळका वास येतो. समुद्रकिनारी जन्म गेला याचा, पण खारी हवा फक्त पत्र्याला आणि मोटारसायकलीला लागते असं याला वाटतं.

आणि आता खरं ऐका. आमच्याकडे आरसीसीबी होता. करंट जमिनीकडे गळायला लागला की ३० मिलिअँपिअरच्या आत लाइन तोडणारा. पुतण्याला झटका बसला तेव्हा आरसीसीबी पडला कसा नाही, म्हणजे त्याने लाइन तोडली कशी नाही, म्हणून मेनबोर्ड उघडून बघतो तर काय, वायरी बाहेरून सरळ जोडलेल्या! साहेबांनी मला न विचारता तो बाजूला काढला होता. "पावसात सारखो पडता, म्हणान काढून टाकलंय. तुमकाच तरास नको." अरे, पावसात पडतो कारण पावसात चिऱ्याची भिंत ओली होऊन कुठेतरी करंट गळतोय! ते गळणं शोधायचं सोडून, सांगणाऱ्याचंच तोंड बंद केलंस? वर मजुरीत त्याचेही पैसे लावलेस?

पुन्हा बोलावला तर फोन उचलत नाही. शेवटी कुडाळहून परवानावाला माणूस आणला, उलटं होतं ते सगळं सुलटं करून घेतलं, आरसीसीबी परत जोडला. गळती विहिरीच्या पंपाच्या वायरीत निघाली. त्याने निघताना खटका बंद करून होल्डरला टेस्टर लावून दाखवला, न सांगता. दुप्पट पैसे घेतले, आनंदाने दिले.

आणि आमचा गाववाला? तो तिठ्यावर सांगत फिरतोय, काका पैशाला फार चिकट, माझ्या कामात खोड काढून कुडाळचो माणूस आणलो. येत्या गणपतीत वाडीतल्या निम्म्या घरांच्या मखरांची लायटिंगही तोच करणार आहे.