दर सहा आठवड्यांनी एक इंच? आधी हिशेब करून पाहा

नागपुरातल्या घरगुती ग्रुपांवर आणि होस्टेलच्या मुलींच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: केस लांब हवे असतील तर दर सहा आठवड्यांनी एक इंच ट्रिम कराच. ट्रिम केल्याने मुळांना चालना मिळते, केस दाट येतात. नाही केलं तर फाटे मुळापर्यंत चढतात. ट्रिमने गळतीही थांबते आणि पौर्णिमेला कापले तर वाढ दुप्पट होते.

यातली एकच गोष्ट अर्धवट खरी आहे, बाकी सगळं चूक. मेसच्या पैशांत काटकसर करून पार्लरला जाणाऱ्या मुली हे वाचून निर्णय घेतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन सांगते.

पहिला मुद्दा एक इंचाचा. डोक्यावरचे केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे वर्षाला १५ सेंटिमीटरच्या आसपास. सहा आठवड्यांत वाढ झाली पावणेदोन ते दोन सेंटिमीटर. एक इंच म्हणजे अडीच सेंटिमीटरहून किंचित जास्त. मेसेज पाळला तर वर्षात आठ-नऊदा कात्री लागेल, २० ते २३ सेंटिमीटर केस जातील आणि येतील फक्त १५. लांब केसांसाठीचा हा उपाय इमानदारीने केला, तर वर्षाअखेर वेणी आखूड झालेली असेल. फॉरवर्ड करण्याआधी कुणी एवढी वजाबाकी करून पाहिली असती तरी पुरे होतं.

आता मुळांना चालना. केसाचा जो भाग आपल्याला दिसतो तो केराटिनचा, निर्जीव. त्यात रक्त नाही, नस नाही, म्हणून तर कापताना दुखत नाही. वाढ होते ती त्वचेखाली, केसाच्या मुळाशी असलेल्या जिवंत पेशींमध्ये. टोकाला कात्री लागली हे त्या पेशींना कळायला मार्गच नाही. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग जवळपास तीन महिने थांबतो आणि गळून त्या जागी नवा येतो. वाढीचा हा काळ कुणाचा दोन वर्षांचा, कुणाचा सहा, आणि तो बराचसा आईबापांकडून आलेला असतो. एकीची वेणी कमरेखाली जाते आणि दुसरीची पाठीवरच थांबते, याचं मोठं कारण हे. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच मोजमाप करून दाखवलं होतं की वस्तरा फिरवल्याने केसांच्या वाढीत फरक पडत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे जावळ. "जावळ काढल्यावरच तर पोरीचे केस दाट आले!" बाळाचे पहिले मऊ केस तसेही गळतात आणि मागून जाड केस येतात. जावळ नाही काढलं तरी येतात. शिवाय न कापलेला केस टोकाकडे निमुळता असतो, कापलेल्याचं टोक बोथट, म्हणून हाताला तो जाड लागतो. जावळ हा घरातला सोहळा आहे, आनंदाने करा. पण केस दाट होतील या आशेने आठ वर्षांच्या मुलीचं डोकं भादरू नका. तिला शाळेत काय ऐकावं लागतं ते तिला विचारा.

फाट्यांच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. कमरेपर्यंतची, समजा ६० सेंटिमीटरची वेणी असेल, तर तिचं टोक चार वर्षांचं जुनं आहे. त्याने नागपूरचे चार मे महिने पाहिलेत, पंचेचाळीस अंशांच्या आसपासचे. ज्या लेआउटमध्ये अजून बोअरचं जड पाणी आहे तिथे चार वर्षं ते पाणीही झेललंय. आणि आपला दुपट्टा! मानेवाड्याहून सीताबर्डीला गाडीवर जाणारी मुलगी तोंडाभोवती दुपट्ट्याचे दोन वेढे घेते, मागे घट्ट गाठ मारते आणि पोनी खाली मोकळी सोडते. घरी आल्यावर गाठ सोडून पाहा: मानेवरच्या केसांचा गुंता झालेला असतो आणि घाईत ओढलेल्या कंगव्यात तुटके तुकडे येतात. फाटे फुटतात ते या घासण्याने आणि ओढण्याने. वेणी घालून ती दुपट्ट्याच्या आत घेतली, गुंता खालून वर सोडवला, तर बरंच नुकसान टळतं. पैसा लागत नाही.

फाटा मुळापर्यंत मात्र जात नाही. तो थोडा वर सरकतो आणि केस तिथेच तुटतो. त्यामुळे ज्यांची टोकं सतत तुटतात त्यांना वाटतं केस वाढतच नाहीत. टोकं साफ केली की तुटणं कमी होतं आणि झालेली वाढ टिकते. "ट्रिमने केस वाढतात" हा समज इथूनच आला असावा. फाटलेलं टोक सीरमने चिकटल्यासारखं दिसतं, जुळत नाही. त्याला कात्रीच लागते.

मग कापायचं कधी? कॅलेंडर बाजूला ठेवा आणि टोकं बघा. केसांची बट पांढऱ्या कागदावर धरून खिडकीच्या उजेडात न्या. टोकं दुभंगलेली, पांढरे ठिपके आलेली, कंगवा शेवटच्या दोन बोटांत अडकणारी असली तर कापा, आणि तेवढंच कापा. रंग न लावलेले, स्ट्रेटनिंग न केलेले लांब केस चार-सहा महिने सहज जातात. रंग, स्ट्रेटनिंग, रोजची गरम मशीन असेल तर दोन-तीन महिने. बॉयकट किंवा पुरुषांच्या कटिंगला चार-सहा आठवडे ठीक आहेत, कारण तिथे आकार बिघडतो. पार्लरमध्ये "थोडंसं" म्हणू नका, बटीवर बोट ठेवून दाखवा.

गळतीबद्दलचं वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. तुटणं वेगळं, गळणं वेगळं. मुळापासून गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ दिसते. असे ५० ते १०० केस रोज जाणं नेहमीचं आहे. त्याहून खूप जास्त जात असतील तर मागचे दोन-तीन महिने आठवा: डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, उपाशी राहून केलेलं डाएट. अशा धक्क्यानंतरची गळती उशिरा सुरू होते आणि बहुतेकदा सहा महिन्यांत आपोआप ओसरते. रक्त कमी असणं आणि थायरॉइड हीही कारणं असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला. अशी मुलगी दर सहा आठवड्यांनी ट्रिम करत बसली तर खरा आजार तसाच राहतो. गळती थांबत नसेल, भांग रुंद होत असेल किंवा टाळूवर चकत्या पडत असतील तर मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी दवाखान्यांच्या त्वचारोग ओपीडीत दाखवा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

राहिली पौर्णिमा. त्वचेखालच्या पेशींना तिथी कळत नाही. वार निवडायचाच तर गर्दी नसलेली दुपार निवडा, म्हणजे पार्लरवाल्या ताईंना एकेक बट हातात घेऊन टोकं बघायला वेळ मिळेल.