खुलासा : जुन्या चेनवरच्या रंगाच्या खुणा

‘जुन्या चेनवर रंगाने खुणा करा, तशीच नवी बसवा, टायमिंग चेन घरीच तासाभरात बदलते,’ असा मजकूर नागपुरातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. तो दिशाभूल करणारा आहे. टायमिंग चेन इंजिनातला क्रँकशाफ्ट (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह म्हणजे झडपा उघडणारा दांडा) यांना जोडून ताळ्यात ठेवते. चेन घासून लांबली असेल, तर कॅमशाफ्ट आधीच मागे पडलेला असतो; खुणा त्या चुकीवरच होतात. कंपनीने स्प्रॉकेटवर (चेन बसते त्या दातेरी चक्रावर) दिलेल्या खुणाच जुळवायच्या. काही इंजिनांत त्याही नसतात, तिथे शाफ्ट जागेवर धरून ठेवणारं लॉकिंग टूल हवंच. टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) आणि गाइडही (चेन घसरते त्या पट्ट्या) नवे घाला. जोडणी झाल्यावर थेट स्टार्टर मारू नका. क्रँकशाफ्ट पान्याने हळूहळू २ पूर्ण फेरे फिरवा (कॅमशाफ्टचा तेवढ्यात १ होतो) आणि खुणा पुन्हा बघा. मध्येच अडलं तर जोर लावू नका. जुळणी चुकली असेल तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला लागून वाकतात. आणि तासाभरात? मे महिन्यातल्या नागपुरी उन्हात नुसतं पुढचं कव्हर उघडतानाच तास सरतो.