सगळ्यांना पैसे मिळाले तर काम कोण करणार?

सरकारने प्रत्येकाला, काम असो वा नसो, दरमहा ठरावीक रक्कम द्यावी, या कल्पनेवर हा प्रश्न निघाला की कट्ट्यावर दोन तट पडतात. कालही पडले.

"आधीच यंत्रं माणसांची कामं खातायत, त्यात दरमहा घरबसल्या पैसे! माणसं आळशी होणार," आमच्यातला एक ठामपणे म्हणाला.

मी फिनलंड काढलं. २०१७-१८ मध्ये तिथे २,००० बेरोजगारांना महिना ५६० युरो दिले, नोकरी लागली तरी चालू ठेवले. रोजगार घटला नाही, किंचित वाढलाच.

"दोन वर्षांनी बंद होणाऱ्या पैशांवर नोकरीची आशा कोण सोडेल?" त्याने विचारलं.

मुद्दा बिनतोड होता. मग मी अमेरिकेतल्या अलास्का राज्याकडे वळलो. तिथे १९८२ पासून तेलाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या निधीचा वाटा रहिवाशांना दरवर्षी मिळतो. एकूण रोजगार घटल्याचं अभ्यासात दिसलं नाही, अर्धवेळ काम मात्र वाढलं. पण त्या रकमेत वर्ष निघत नाही, हेही खरं.

इतका वेळ गप्प असलेली मैत्रीण तेव्हा बोलली. "कॅनडातल्या डॉफिन गावात १९७४ पासून काही वर्षं किमान उत्पन्नाची हमी होती. काम कमी केलं ते मुख्यतः तान्ह्या बाळांच्या आयांनी आणि शाळा न सोडलेल्या पोरांनी, असं सांगतात. याला आळस म्हणायचं? सासूबाईंच्या आजारपणात मी नोकरी सोडली. त्या दोन वर्षांत राबले तेवढी ऑफिसात कधी राबले नाही. आणि कुणी विचारलं तर उत्तर काय? 'सध्या काही करत नाही.'"

यावर कुणाला लगेच बोलता येईना. मलाही नाही. आपण पगाराला काम म्हणतो आणि कामाला काहीच म्हणत नाही, ही माझी जुनी चीड आहे.

खर्चाचा मुद्दा आलाच. स्वित्झर्लंडमध्ये २०१६ च्या सार्वमतात सुमारे ७७ टक्के लोकांनी ही कल्पना नाकारली, त्यात खर्चाची धास्तीही होती. सधनांना दिलेलं करातून परत घेता येतं, हे मी सांगितलं. पण दवाखाने आणि शाळांचे पैसे कापून हे वाटणार असतील, तर मीही विरोधात उभा राहीन.

"सगळं ठीक. गटारात कोण उतरणार?" त्याने शेवटचं अस्त्र काढलं.

"आज उतरतो तो हौसेने उतरतो का?" ती म्हणाली. "घरात चार पैसे असतील तर तो नाही म्हणू शकेल. मग यंत्र उतरवा, नाहीतर त्याला हवी ती मजुरी द्या."

"म्हणजे किती मजुरी?" त्याने विचारलं, आणि आम्ही हिशेबाला बसलो.