पन्नास पैसे मागायचे कुणाकडे?

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत सध्या कचऱ्यावरून वाद पेटलाय. ओला-सुका वेगळा न करणाऱ्यांना दंड लावा, असं निम्म्या लोकांचं म्हणणं. उरलेले म्हणतात, आपल्या लोकांना शिस्तच नाही, दंडाने काय होणार? परवा दादाने फोनवर तेच काढलं. "तुमच्या जर्मनीत बघ, लोक कसे रिकाम्या बाटल्या दुकानात परत नेऊन देतात!" गेली नऊ वर्षं मी श्टुटगार्टला राहतेय. हे ऐकून मला गप्प बसवत नाही.

इथे लोक बाटल्या परत नेतात, कारण बाटलीमागे २५ सेंट अडकलेले असतात. पाणी, बिअर, सोडा यांच्या एकदाच वापरायच्या बाटल्यांवर आणि कॅनवर २००३ पासून ही अनामत आहे. दूध मात्र तेव्हा त्यातून सुटलं. मग व्हायचं काय, तर हीच शिस्तीची माणसं पाण्याची बाटली जपून परत न्यायची आणि दुधाची प्लास्टिकची बाटली कचऱ्यात टाकायची. मीही टाकायचे. १ जानेवारी २०२४ पासून दुधाच्या बाटलीलाही अनामत लागली, आणि आता ती माझ्या ओट्यावर विसळून, झाकण लावून शनिवारच्या पिशवीत जाते. दुकानातच यंत्र असतं. बाटली आत सरकवली की ती गोल फिरते, बारकोड वाचला जातो, चिठ्ठी येते आणि तेवढे पैसे बिलातून वजा होतात. चेपलेली बाटली यंत्राला वाचता आली नाही, तर ते परत ढकलतं. म्हणून कुणी चेपत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या दुधाला अजूनही अनामत नाही, आणि ती खोकी परत नेताना मी कुणालाही पाहिलेलं नाही.

आता घरचं सांगते. आई दुधाची पिशवी कापते ती कोपरा पूर्ण न तोडता, कारण तो एवढासा तुकडा सुटला की गटारातच जातो. मग पिशवी धुऊन ओट्यामागच्या टाइलला चिकटवते. वाळली की आपोआप गळून पडते. महिन्याचा गठ्ठा भंगारवाल्याकडे. हे ती चाळीस वर्षं करतेय, आणि आमच्या मजल्यावरच्या निदान तीन घरांत असंच चालतं. याला शिस्त नाही म्हणायचं, तर शिस्त कशाला म्हणायचं?

२०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशव्यांना सूट मिळाली ती अटीवर. पिशवी ५० मायक्रॉनपेक्षा पातळ नको, आणि ती परत घेण्याची किंमत, निदान ५० पैसे, तिच्यावर छापलेली हवी. आईने तेव्हा धुतलेल्या पिशव्या दुकानात नेल्या होत्या. दुकानदार म्हणाला, "काकू, मलाच कुणी देत नाही, मी तुम्हाला कुठून देऊ?" त्याचं काय चुकलं? पैसे परत मिळायला कुणीतरी ते हातात ठेवावे लागतात, आणि तो हात कुणाचा, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

यंत्रं आणा असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे रोज पहाटे दूध टाकणारा मुलगा दारात येतो. जर्मनीत अशी सोय माझ्या दारी नाही. त्याने भरलेल्या पिशव्या देताना कालच्या रिकाम्या न्याव्यात. मुंबईत आरेची काचेची बाटली अशीच फिरायची, रिकामी द्यायची आणि भरलेली घ्यायची. त्याचा मोबदला मात्र डेअरीने द्यायला हवा, मुलाच्या कमिशनमधून नको.

आणि कचरा वेचणाऱ्या बायकांना यातून वगळून चालणार नाही. पुण्यात त्यांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ पासून आहे; कुठल्या पिशवीला काय भाव येतो, हे या बायकांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. इथे जर्मनीतही म्हातारी माणसं बॅटरी घेऊन कचऱ्याचे डबे धुंडाळतात, म्हणून बरेच जण बाटली डब्यात न टाकता शेजारी उभी ठेवतात, त्यांना हात घालावा लागू नये म्हणून. तसंच, रस्त्यावरची पिशवी उचलणाऱ्या बाईलाही तेच ५० पैसे मिळाले पाहिजेत, कुठलीही पावती न मागता.

दंडाच्या ठरावाआधी सोसायटीने डेअरीला पत्र लिहावं, एवढंच मी दादाला सुचवलंय. मसुदा रविवारपर्यंत मी पाठवते, सह्या त्याने गोळा करायच्या. पहिली सही आईची.