शेजारी पुरलं म्हणजे समेट झाला?

माद्रिदजवळच्या ‘व्हॅली ऑफ द फॉलन’मध्ये स्पेनच्या यादवी युद्धातले दोन्ही बाजूंचे मृत शेजारी-शेजारी आहेत, म्हणून ते समेटाचं आदर्श स्मारक, हे लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. तिथे ३३,०००हून जास्त लोकांचे अवशेष आहेत. त्यातल्या रिपब्लिकन, म्हणजे युद्ध हरलेल्या सरकारच्या बाजूच्या कित्येकांना सामूहिक खड्ड्यांतून उकरून, घरच्यांना न विचारता तिथे नेलं. हजारोंच्या नावांची नोंदसुद्धा नाही. बांधकामावर राबले त्यांत रिपब्लिकन कैदीही होते आणि १९७५ ते २०१९ वेदीजवळ मानाने पुरलेला होता युद्ध जिंकून हुकूमशहा झालेला खुद्द फ्रँको! ज्याच्या राजवटीने बापाला मारलं, त्याच्याच पायाशी बाप ठेवायचा, हा कसला सन्मान?

दोन्हीकडच्या सैनिकांची आठवण जपावी, याला माझा विरोध नाही. उलट मनापासून पाठिंबा आहे. कितीतरी पोरं केवळ आपलं गाव ज्यांच्या ताब्यात होतं त्यांच्या सैन्यात भरती केली गेली. त्यांना बाजू निवडायला मिळालीच नव्हती. पण माणूस कुठे पुरायचा हे त्याच्या घरच्यांनी ठरवावं. २०२३पासून तिथे अवशेषांची ओळख पटवून ते कुटुंबांना परत देण्याचं काम सुरू झालं आहे. लेखात त्याचा उल्लेख हवाच होता.